वाट बघायची की निघायचं?

आजचा भाग थोडा लांबलाय, त्यामुळे कानात ऐकायला वेळ नसेल तर हे लिखित रूप आहेच. बोलताना मी जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे निम्मे केलेत.

विषय आहे वाट बघण्याचा. एखादी चांगली गोष्ट उशिरा मिळणार आहे असं कळल्यावर काही लोक शांतपणे थांबतात आणि काही अर्ध्यातच उठून जातात. हे असं का होतं?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं. जो थांबतो त्याच्याकडे चिकाटी आहे, जो उठतो त्याच्यात दम नाही. विषय संपला. सेल्फ-हेल्पच्या रील्स याच एका वाक्यावर चालतात. मला मात्र हे उत्तर कधी पटलं नाही, कारण एकच माणूस एका बाबतीत दगडासारखा थांबतो आणि दुसऱ्या बाबतीत दोन मिनिटांत वैतागतो. ऑफिसमधला माझा एक सहकारी दर महिन्याला न चुकता एसआयपी भरतो, वीस वर्षांनंतरचा विचार करतो. पण लिफ्ट आली नाही की तिसऱ्या सेकंदाला परत बटण दाबतो. त्याला धीर आहे की नाही? काय उत्तर द्यायचं?

बरं, या विषयावर बोलायचं तर मार्शमॅलोवाल्या प्रयोगाशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही तो नक्की ऐकलाय. वॉल्टर मिशेल नावाचे मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ, तिथल्याच आवारातली बिंग नर्सरी स्कूल ही बालवाडी, आणि १९६० च्या दशकाचा शेवट. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊ ठेवायचा. सांगायचं, ‘मी बाहेर जातोय. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबवत नसेल तर ही घंटा वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच.’ पुढे या मुलांचा मागोवा घेतला गेला आणि जी जास्त वेळ थांबली होती त्यांचे पुढे परीक्षांतले मार्कही चांगले होते असं दिसलं. तिथून ही गोष्ट जगभर पसरली. चार वर्षांचं पोर किती मिनिटं थांबतं त्यावरून त्याचं आयुष्य कळतं, अशी तिची घाऊक आवृत्ती झाली.

दोन गोष्टी या घाऊक आवृत्तीत गळून जातात. एक म्हणजे, मार्कांचा तो गाजलेला संबंध ज्या मुलांवर काढला होता त्यांची संख्या होती अवघी ३५. आणि तीही बहुतेक एकाच विद्यापीठाच्या आवारातली, म्हणजे प्राध्यापकांची वगैरे मुलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०० हून जास्त मुलांच्या माहितीवर हेच पुन्हा तपासलं. यात घरची परिस्थिती वेगवेगळी असलेली मुलं होती, आईचं कॉलेज शिक्षण झालेलं नाही अशीही बरीच होती. संबंध सापडला, पण जुन्या निष्कर्षाच्या निम्माच. आणि घरची परिस्थिती, लहानपणचं वातावरण वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश उडाला.

दुसरी गोष्ट मला जास्त मजेशीर वाटते. त्या मुलांना किती वेळ थांबायचंय हे सांगितलंच नव्हतं!

जरा विचार करा. तुम्ही चार वर्षांचे आहात. खोलीत एकटे. मोठा माणूस ‘येतो हं’ म्हणून गेलाय. दोन मिनिटांत येईल? तासाने येईल? आई न्यायला येईपर्यंत येणारच नाही? काहीच माहीत नाही. घड्याळ कळत नाही. आणि आपण त्या मुलाला ‘याच्याकडे इच्छाशक्ती नाही’ असं म्हणतोय.

इथून पुढे मी थोडा माझ्या धंद्यातल्या भाषेत शिरतो, सहन करा. मी बॅकएंडवर काम करतो. आमच्याकडे एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. किती वेळ बघायची? याला टाइमआउट म्हणतात. टाइमआउट फार छोटा ठेवला तर येणारं उत्तरही हातचं जातं. फार मोठा ठेवला तर मेलेल्या सर्व्हरसमोर तुम्ही ताटकळत बसता आणि तुमच्यामागे रांग लागते. आता गंमत बघा, टाइमआउट किती असावा हे ठरवताना कोणीही ‘आपल्या सर्व्हरकडे इच्छाशक्ती किती आहे’ असं विचारत नाही. आम्ही आधीच्या उत्तरांना किती वेळ लागला त्याचा आलेख काढतो. समोरचा कसा वागतो यावर आपण किती थांबायचं ते ठरतं.

माणसाच्या बाबतीत हाच मुद्दा जोसेफ मॅक्ग्वायर आणि जोसेफ केबल या दोघा संशोधकांनी २०१२-१३ च्या सुमारास नीट मांडला. मला या विषयातलं हे सगळ्यात आवडतं काम आहे. त्यांचं म्हणणं सोप्या उदाहरणांनी सांगतो.

धरून चाला, एक बस बरोबर दर २० मिनिटांनी येते. तुम्ही स्टॉपवर पोचलात तेव्हा मागची कधी गेली माहीत नाही. सरासरी १० मिनिटं थांबावं लागेल. समजा १५ मिनिटं झाली आणि बस आली नाही. आता किती उरली? जास्तीत जास्त ५. म्हणजे जितका वेळ तुम्ही थांबलात तितकी बस जवळ आली. अशा वेळी १५ व्या मिनिटाला रिक्षा करणं हा वेडेपणा आहे. इथे सुरुवातीला थांबायचं ठरवलं असेल तर शेवटपर्यंत थांबणंच शहाणपणाचं.

आता दुसरं चित्र. तुम्ही कुठल्यातरी कस्टमर केअरला फोन लावलाय. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि मागे ते बासरीचं संगीत. धरून चाला की अशा १०० पैकी ७० कॉल मिनिटभरात उचलले जातात. २० कॉलना साधारण ६ मिनिटं लागतात, फार तर १०. आणि उरलेले १० कॉल कुठेतरी अडकतात, त्यांना चक्क तासभर लागतो. फोन लावला त्या क्षणी तुमची सरासरी वाट किती? गुणाकार करून बघा, आठ मिनिटांच्या आत. ठीक आहे, थांबू. पण १० मिनिटं होऊन गेली आणि कोणी उचललं नाही तर? तर तुम्ही त्या शेवटच्या १० कॉलमध्ये आहात. अजून ५० मिनिटं. म्हणजे इथे जितका वेळ तुम्ही थांबलात तितकं उत्तर लांब गेलं!

पहिल्या चित्रात वेळ गेला की आशा वाढते. दुसऱ्यात वेळ गेला की आशा कमी होते. दुसऱ्या चित्रात १० व्या मिनिटाला फोन ठेवणारा माणूस अधीर नाही. त्याला नवी माहिती मिळाली आणि त्याने मत बदललं. बाहेरून मात्र आपल्याला काय दिसतं? ‘१० मिनिटं थांबला आणि मग धीर सुटला.’

हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. (थांबण्याच्या भागात थांबतोय, हो.) इच्छाशक्तीवाल्या सिद्धान्ताला सगळ्यात मोठा आधार कशाचा होता? आधी थांबायचं ठरवून मध्येच सोडून देण्याचा. खाऊच पाहिजे होता तर पहिल्याच सेकंदाला घंटा का नाही वाजवली? पाच मिनिटं थांबून मग का वाजवली? याचा अर्थ असा लावला गेला की आतमध्ये भांडण चालू होतं, शहाणं मन आणि हावरं मन, आणि पाचव्या मिनिटाला हावरं मन जिंकलं. मॅक्ग्वायर आणि केबल म्हणाले की भांडणाची गरजच नाही. ‘मोठी माणसं लगेच येतो म्हणतात तेव्हा एकतर दोन मिनिटांत येतात, नाहीतर विसरून जातात’ असा अनुभव असलेलं मूल पाच मिनिटांनंतर काय समजेल? विसरले. मग खाल्लेलं बरं. हा शुद्ध हिशोब आहे.

आणि त्यांनी हे नुसतं कागदावर नाही मांडलं. मोठ्या माणसांना कॉम्प्युटरसमोर बसवून एक खेळ दिला. स्क्रीनवर टोकन येतं, काही वेळाने ते ‘पिकतं’ आणि त्याचे जास्त पैसे मिळतात. न थांबता सोडून दिलं तर किरकोळ पैसे मिळतात आणि पुढचं टोकन येतं. एका गटाला बसवाल्या प्रकारातल्या वेळा दिल्या, दुसऱ्याला कस्टमर केअरवाल्या. कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. तरी खेळता खेळता काही मिनिटांतच पहिला गट चिकाटीने थांबायला लागला आणि दुसरा गट लवकर सोडून द्यायला लागला. तशीच माणसं, तसाच खेळ. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग करत खेळवला. कपाळामागचा, मधोमध असलेला जो भाग एखाद्या गोष्टीची किंमत जोखण्यात गुंतलेला असतो, त्याची हालचाल थांबण्याच्या काळातही बदलत राहते, आणि कुठल्या प्रकारच्या खेळात आपण आहोत त्यानुसार वेगळी बदलते, असं त्यांना दिसलं. म्हणजे ‘अजून थांबण्यात अर्थ आहे का?’ हे गणित आत सतत चालूच असतं.

आता ते ‘मोठी माणसं विसरून जातात’ वालं मूल. हे कल्पनेतलं नाहीये.

सेलेस्ट किड नावाची संशोधक कॉलेजच्या वयात कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करत होती. तिथली मुलं बघताना तिला वाटलं की ही सगळी मुलं मार्शमॅलो समोर ठेवला तर क्षणात खातील. जिथे तुमच्या हातातली वस्तू कोणीही कधीही काढून घेऊ शकतं, तिथे ‘नंतर’ला काय किंमत? पुढे रॉचेस्टर विद्यापीठात असताना तिने आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रयोग छापला. २८ मुलं, वय ३ ते ५. आधी चित्र काढायला जुने वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर खूप सारं नवं सामान आणून देते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना काय? ‘सॉरी हं, माझी चूक झाली, आपल्याकडे दुसरं सामान नाहीये.’ मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच. आणि त्यानंतर मार्शमॅलो.

जिच्यावर भरवसा ठेवता येतो अशी बाई ज्यांना भेटली ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. १४ पैकी ९ तर पूर्ण १५ मिनिटं. जिने दोनदा शब्द मोडला तिच्यासमोरची मुलं सरासरी ३ मिनिटं. पूर्ण वेळ थांबलं फक्त एक मूल.

दोन मोडलेले शब्द. तेवढ्याने १२ चे ३ झाले. आता असा विचार करा की एखाद्या मुलाच्या आयुष्यात दोन नाही, दोनशे शब्द मोडले गेलेत. त्याला आपण वर्गात उभं करून विचारतो, ‘तुझ्यात पेशन्स का नाही?’

गंमत म्हणजे मिशेल यांना स्वतःला हे पहिल्यापासून माहीत होतं. स्टॅनफर्डच्या आधी, १९५८ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका अभ्यासात त्यांनी त्रिनिदादमधल्या शाळकरी मुलांना छोटी गोळी आत्ता की मोठी पुढच्या आठवड्यात, असं विचारलं होतं. ज्यांच्या घरात वडील नव्हते ती मुलं लगेचची छोटी गोळी जास्त निवडत होती. मोठ्या माणसाच्या शब्दावरचा विश्वास, हा मुद्दा तेव्हाच पुढे आला होता. नंतरच्या दंतकथेत तो हरवला एवढंच.

आता हे सगळं अमेरिकेतल्या बालवाड्यांचं झालं. मला याचं सगळ्यात चांगलं उदाहरण घरीच मिळतं.

माझे मोठे काका सांगली जिल्ह्यात शेती करतात. ऊस आणि सोयाबीन. आडसाली ऊस म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लागण करायची आणि १६ ते १८ महिन्यांनी तोड. दीड वर्ष! पाणी, खत, भांगलण, सगळं करत दीड वर्ष एका पैशाची आवक नाही, आणि काका निवांत. हाच माणूस सोयाबीन मळून झाल्या झाल्या पोती ट्रॉलीत घालून अडतीवर नेतो. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा सगळ्यांचंच सोयाबीन बाजारात येतं आणि भाव पडलेला असतो, नेमकं तेव्हा. दरवर्षी टीव्हीवर कोणीतरी तज्ज्ञ सांगतो की शेतकऱ्याने थोडा धीर धरला पाहिजे.

मी एकदा त्यांना विचारलं, ‘काका, दोन महिने ठेवलं असतं तर?’

‘ठेवतो की. दोन महिन्यानं भाव वाढंल असं तू लिहून देतोस का?’

लिहून देतोस का, हाच सगळा प्रश्न आहे. उसाच्या बाबतीत कोणीतरी लिहून दिलंय. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायची किमान किंमत, सरकार हंगामाआधी जाहीर करतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायची अट आहे. आता ते १४ दिवस कसे लांबतात, त्यासाठी आंदोलनं कशी होतात हे पश्चिम महाराष्ट्रात कोणालाही विचारा, तो वेगळा भाग होईल. पण तरी काकांच्या डोक्यात उसाचा थांबा बसवाला आहे. उशीर होईल, पण जितके महिने गेले तितका कारखाना जवळ आला. सोयाबीनचा थांबा कस्टमर केअरवाला. भाव चढेल, पडेल, आयात काय होईल, कोणाला माहीत. महिना थांबून भाव वाढला नाही तर पुढच्या महिन्यात वाढेलच असं काही नाही. उलट तोवर उंदीर, ओल आणि बियाण्याच्या दुकानातली उधारी आहेच.

आणि उधारी ही वेगळी गोष्ट म्हणून सांगायला हवी. थांबण्याचा खर्च सगळ्यांना सारखा नसतो. मी पगारदार माणूस, मी दोन महिने थांबलो तर माझं काय जातं? ज्याला दिवाळीच्या आत सोसायटीचे, दुकानदाराचे पैसे भागवायचेत त्याच्यासाठी थांबणं ही चैन आहे.

म्हणूनच मला शेतमाल तारण योजना हा फार हुशार प्रकार वाटतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत ही चालवतं. माल विकायचा नाही, बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ घ्यायची. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालाला १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याज. देणी भागली, माल कोरड्या गोदामात, आणि भाव बघत बसायला सहा महिने. इथे शेतकऱ्याला कोणी धीराचं भाषण दिलं नाही. थांबणं परवडेल अशी सोय केली. काकांनी ती वापरली का? एकदा. त्यांच्या मते कागदपत्रं फार आणि गोदाम लांब. म्हणजे परत तेच, थांबण्याचा खर्च.

आता कोणी म्हणेल की मग सगळं परिस्थितीवरच का? संस्कार, सवय वगैरे काही नाही? आहे ना, आणि तेही मजेशीर आहे. बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी समाजातली चार वर्षांची मुलं आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं यांची तुलना केली. न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के शेवटपर्यंत थांबली. जर्मन मुलांपैकी ३० टक्क्यांहून कमी. घरात पैसा जास्त म्हणजे धीर जास्त, हे सरळ समीकरण तिथेच मोडतं. न्सो घरांत लहानपणापासून मोठ्यांचं ऐकणं, आपलं रडगाणं न लावणं यावर भर असतो. जर्मन घरांत मुलाला काय हवंय ते आधी विचारलं जातं.

त्याहून भारी अभ्यास २०२२ चा, जपान आणि अमेरिकेतल्या मुलांचा. काइची यानाओका, युको मुनाकाता आणि मंडळींनी खाऊसाठी थांबणं आणि गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी थांबणं असे दोन्ही प्रकार दिले. जपानी मुलं खाऊसाठी खूप जास्त थांबली, भेटवस्तूसाठी नाही. अमेरिकन मुलांचं बरोबर उलटं! कारण जपानमध्ये सगळ्यांच्या पानात वाढून होईपर्यंत खायचं नाही ही रोजची सवय. अमेरिकेत झाडाखाली ठेवलेली भेट ख्रिसमसच्या सकाळपर्यंत फोडायची नाही ही दरवर्षीची सवय.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? मोदक. गणेश चतुर्थीला सकाळपासून स्वयंपाकघरात उकडीचा वास, आणि ‘आधी नैवेद्य दाखवू दे, मग हात लावायचा.’ आरती, मग अजून एक आरती, मग कोणालातरी मंत्रपुष्पांजली आठवते. आपल्याकडची चार वर्षांची पोरं तासभर मोदकांसमोर थांबतात हो! त्यांना मार्शमॅलोसमोर बसवायचं असेल तर आधी तो देवापुढे ठेवा, मग बघा. पण लक्षात घ्या, यात भरवसाही आहेच. आरती संपते हे त्या पोराला माहीत असतं. नैवेद्य दाखवल्यावर मोदक मिळाला नाही असं कधी झालेलं नसतं.

शरीराचाही भाग आहे. जपानमधल्या ओकिनावात केंजी दोया यांच्या गटाने उंदरांवर केलेले प्रयोग आहेत. मेंदूतल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी प्रकाशाने चेतवल्या की उंदीर खाण्यासाठी जास्त वेळ थांबायचे. म्हटलं, झालं, धीराचं रसायन सापडलं! पण २०१८ मध्ये त्यांनीच पुढचं दाखवलं. खाणं मिळण्याची शक्यता ७५ टक्के असताना हा परिणाम दिसतो, ५० किंवा २५ टक्के असताना दिसत नाही. मिळेल असा भरवसा नसेल तर सेरोटोनिनही काही करत नाही. उंदीरसुद्धा विचारतोय, लिहून देतोस का.

जन्मजात फरक नसतोच असं मी म्हणत नाहीये. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आत्ताचे थोडे की नंतरचे जास्त या निवडीत अनुवंशाचा वाटा दिसतो. आणि सगळं थंड हिशोबावर चालतं असंही नाही. मिशेल यांच्याच १९७० च्या प्रयोगात, दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुलं सरासरी मिनिटभर थांबली आणि दोन्ही झाकून ठेवल्यावर ११ मिनिटांहून जास्त. खाऊ तोच, शब्द तोच, फक्त दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रयोगांतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते. जी मुलं थांबली ती दात-ओठ खाऊन नाही थांबली. त्यांनी डोळे झाकले, गाणी म्हटली, पाठ फिरवली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अभ्यास करणारा मुलगा हेच करतो.

आणि आमच्या क्षेत्राचा थोडा टेंभा मिरवू का? तुम्ही स्क्रीनवर जो भरत जाणारा पट्टा बघता, ५० टक्के, ८० टक्के, त्याच्यावर ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच पेपर लिहिला होता. लोकांना असा पट्टा दिसणं आवडतं. काम तेवढ्याच वेळात होतं, पण कस्टमर केअरची वाट बसच्या वाटेत बदलते. जेवण मागवल्यावर नकाशावर सरकणारी ती छोटी दुचाकी त्याच जातीची. आता याचा गैरवापरही होतो. ९९ टक्क्यांवर दहा मिनिटं अडकणारा पट्टा लिहिणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

हे सगळं मी इतकं का वाचलं, तर माझा मावसभाऊ. चार वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतोय. तीन प्रयत्न झाले. घरात दोन पक्ष आहेत. आजी म्हणते, एवढं केलंस, आता धर सोडू नकोस. मावशीचे यजमान म्हणतात, किती दिवस? आणि दोघंही मुळात त्याच्या स्वभावाबद्दल बोलतायत. जिद्दी आहे की हट्टी आहे, कष्टाळू आहे की नुसता नादी लागलाय. त्याची थांब्याची जात कुठली, बस की कस्टमर केअर, हे कोणी विचारतच नाही. ‘एवढी वर्षं गेली म्हणजे आता जवळ आलं’ हे बसच्या स्टॉपवर खरं असतं. सगळीकडे नसतं. आणि गेलेली चार वर्षं हे पुढे थांबण्याचं कारणच होऊ शकत नाही, ती दोन्हीकडे गेलेलीच आहेत.

मग मागच्या महिन्यात आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसलो आणि त्याच्या फोनवर एक शीट उघडली. तीन प्रयत्न, तीन ओळी. प्रत्येक वेळी कटऑफ किती, त्याचे मार्क किती, फरक किती. पहिल्या वेळी ३१ ने गेला होता. दुसऱ्या वेळी १४ ने. त्याने शीट बराच वेळ बघितली आणि म्हणाला, ‘दादा, हे घरी दाखवतो.’ मी म्हटलं, दाखव, पण चौथ्या रकान्यात तुझा स्वतःचा टाइमआउटही लिही, निकाल लागायच्या आधी. नंतर लिहिलास तर तो निकाल बघून लिहिशील. त्याने लिहिला. काय लिहिला ते मला दाखवलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तिसऱ्या ओळीतला फरकाचा रकाना रिकामा आहे. परीक्षा झाली, निकालाची तारीख अजून जाहीर व्हायचीय.

चला, भेटू पुढच्या भागात.